जेवलेली अक्षरं

आखाडा बाळापुरात नांदेड-हिंगोली रस्त्याला लागूनच स्वप्निलचं फ्लेक्सचं दुकान होतं. दुकान त्याचं, मशीन त्याचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणंही त्याचंच. पण बॅनरवर जे उमटायचं ते सगळं त्याच्या बायकोच्या, करुणाच्या हातचं. नांदेडला चित्रकलेचा कोर्स करून आलेली करुणा आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसायची. कोणाचं लग्न, कोणाचं जावळ, कोणाची पुण्यतिथी. मॅटर यायचं, ती मांडायची, मशीन कुरकुरत छापायचं आणि दुसऱ्या दिवशी ते चौकात वाऱ्यावर फडफडायचं. थोड्या दिवसांनी त्याच बॅनरखाली कोणाची तरी सोयाबीन झाकलेली दिसायची. नेत्याच्या गालावर पावसाचं पाणी साचलेलं असायचं.

करुणाची आई पद्माबाई जवळच्याच कोपरवाडीत अंगणवाडी सेविका होती. अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवायची होती, तेव्हा तिनं लेकीला सांगितलं होतं की, बाजारातली अक्षरं आणू नको. ती अक्षरं म्हणजे सगळी टोकं आणि धारा. वेलांटी पाहावी तर विळा, रफार पाहावा तर बाभळीचा काटा. लेकरं भिंतीकडं बघतच नाहीत. करुणानं मग स्वतः बसून नवी अक्षरं काढली. जाड, गोल, कुठंही कोपरा नसलेली. काना म्हणजे पिठाची वळलेली लोळी, ठ म्हणजे तुडुंब भरलेला डेरा, वरची रेघसुद्धा दोन्ही टोकांना बोटासारखी गोलावलेली. भिंत रंगवून झाली तेव्हा एका चिमुरडीनं म वर हात फिरवला आणि पद्माबाईला सांगितलं, ह्ये आक्षर जेवलंय.

ती गोष्ट करुणाला इतकी आवडली, की तिनं पुढचं सगळं वर्ष त्याच अक्षरांत घातलं. जोडाक्षरं काढली, आकडे काढले, उकार-रफार बसवले, आणि त्यांचा नीट फॉन्ट तयार करून त्याला नाव दिलं ‘पोटभर’. अक्षर ठसठशीत होतं, लांबून ठळक दिसायचं. पहिल्यांदा मटका कुल्फीच्या गाड्यावर गेलं, मग दूध डेअरीच्या पाटीवर, मग बसस्टँडजवळच्या ब्युटी पार्लरवर. दुकानात आलेली माणसं स्वप्निलला म्हणायची, त्या कुल्फीवाल्यासारखं गुबगुबीत अक्षर टाका. स्वप्निलची मान ताठ व्हायची. करुणा आतून ऐकायची आणि तिला आपल्या लेकराचं कौतुक होतंय असं वाटायचं.

त्याच सुमाराला वैजनाथराव दुकानात आले.

कयाधूच्या काठानं वाळूची जी काही ये-जा चालायची ती वैजनाथरावांच्या नावानं चालायची. ट्रॅक्टर त्यांचे, टिप्पर त्यांचे, आणि येत्या निवडणुकीत त्यांचंच नाव चालणार असं लोक म्हणत. माणूस दिसायला मवाळ. पांढरेशुभ्र कपडे, बारीक आवाज, कोणाला अरेतुरे नाही. लोक त्यांना मालकच म्हणत; मालकांना रागावलेलं कोणी पाहिलं नाही, असं सांगायचे. आणि हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

मालकांचा वाढदिवस होता. स्वप्निलनं सवयीनं वाघ, तलवारी, आगीचे लोळ असलेले नमुने दाखवले. वैजनाथरावांनी ते हातानं बाजूला सारले आणि कुल्फीवाल्याच्या तयार बॅनरकडं बोट केलं. हे कोणी काढलं, असं त्यांनी विचारलं. करुणाला बाहेर बोलावलं गेलं. ते उभे राहिले, हात जोडले.

“वहिनी, ह्ये अक्षर लेकराच्या गालावाणी हाय,” ते म्हणाले. “माणूस वाचता वाचता हसतो. आमाला हेच पायजे.”

आणि बाळापूरपासून वसमत फाट्यापर्यंत मालकांचे बॅनर लागले. खाली हसणारा चेहरा, वर पोटभर अक्षरं. चार दिवसांनी स्वप्निल मालकांच्या वाड्यावर जाऊन आला तो नव्या कामांची यादी तोंडपाठ घेऊनच. निवडणुकीची सगळी छपाई आपल्याकडं आली होती. फक्त एक अट होती, आणि ती त्यानं करुणाला सांगितलीच नाही. तिला कळली ती कुल्फीवाल्याकडून. तो दुसरा बॅनर करायला आला होता. स्वप्निलनं त्याला वेगळं अक्षर घ्यायला सांगितलं, म्हणून तो हिरमुसून उभा होता. करुणानं नवऱ्याला आत बोलावून काहून म्हणून विचारलं. तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं, की पोटभर आता फक्त मालकांचं. दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही.

करुणानं मग अंगणवाडीचं विचारलं. लेकरांच्या भिंतीला कोण काय म्हणणार, असं तो म्हणाला. पण त्याच आठवड्यात पद्माबाईचा फोन आला. दोन माणसं जीपमधून आली होती. अदबीनं बोलली, लेकरांना बिस्किटं वाटली, आणि मालकांकडून अंगणवाडीला रंग देतो म्हणून सगळी भिंत पिवळी करून गेली. मुळाक्षरं गेली. पद्माबाई म्हणाली, रंग बाकी झकास दिलाय, तक्रार तरी काय करावी? लेकरं मात्र कोऱ्या भिंतीपुढं बसून राहिली होती.

नंतर देविदासचं मॅटर आलं.

मालकांचा जीपवाला चिठ्ठी घेऊन आला. ‘देविदासभाऊ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ एवढंच. फोटो नाही, खाली नावं नाहीत. बॅनरवर शुभेच्छुक नाही असं कधी होत नाही. माणसं बॅनर लावतातच मुळी खाली आपलं नाव यावं म्हणून. नाव राहिलं तर भाऊबंद दुकानात येऊन भांडतात. करुणाला वाटलं, लिहायचं विसरले असतील. तिनं आतूनच विचारलं, शुभेच्छुक कोण टाकू? जीपवाला म्हणाला, तसंच राहू द्या. तिनं तसंच राहू दिलं. अक्षरं तिनंच मांडली, चांगली ऐसपैस मांडली, मोकळ्या राहिलेल्या जागेत दोन फुगेही टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस मोटारसायकलच्या मागं तोच बॅनर गुंडाळी करून घेऊन आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, उन्हानं रापलेला, अंगावर शेतातलेच कपडे. त्यानं बॅनर काउंटरवर ठेवला आणि आपणच देविदास असं सांगितलं. नदीकाठाला त्याचं शेत होतं. वाळूचे ट्रॅक्टर त्याच्या शेतातून रस्ता पाडून जायचे. उभी तूर मोडली म्हणून त्यानं महिन्याभरापूर्वी त्या रस्त्यावर आडवा चर खणला होता. हे सगळं त्यानं कुठलाही कडवटपणा न आणता सांगितलं, आणि मग करुणाकडं पाहून विचारलं.

“ताई, माझा वाढदिवस न्हाई. माझी जन्मतारीख माझ्या मायलाबी धड ठाऊक न्हाई. ह्ये दारापुढं कोणी लावलं?”

करुणानं तोंड उघडलं होतं, पण स्वप्निल पुढं झाला. गिऱ्हाइकाचं नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही, असं तो म्हणाला. कोणी मित्रानं गंमत केली असेल, मनावर घेऊ नका. देविदासनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्याला उत्तर मिळालं होतं. त्यानं बॅनर परत गुंडाळला, बकरीच्या शेडवर टाकायला कामी येईल म्हणाला आणि गाडीला किक मारली.

तो आठवडा सरला नाही तोच देविदासला ट्रॅक्टरनं उडवलं. भर दुपारी, शेताकडं जाताना. दोन्ही पाय मोडले. ट्रॅक्टरला नंबर नव्हता आणि रस्त्यावर इतकी माणसं असूनही कोणी काही पाहिलेलं नव्हतं. बाळापुरात लोक म्हणाले, अपघात झाला. म्हणताना ते एकमेकांकडं बघत नव्हते.

करुणा नांदेडला दवाखान्यात गेली. नवऱ्याला सांगितलं, आईकडं जाते. देविदास गुंगीत होता. उशाशी त्याची बायको लक्ष्मीबाई बसलेली. करुणानं ओळख सांगितली आणि ती शिव्या देईल म्हणून वाट पाहत उभी राहिली. लक्ष्मीबाईनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं स्टूल पुढं सरकवलं.

“तुमचं अक्षर लई गोड हाय, ताई,” ती म्हणाली. “आमची पोरगी पहिलीला हाय. तिनं सोता वाचलं, बापाचं नाव. वाचून टाळ्या वाजवल्या तिनं.”

करुणानं विचारलं, तक्रार केली का? कशाची करू, असं लक्ष्मीबाईनं उलट विचारलं. कोणीतरी माझ्या नवऱ्याचं बरं चिंतलं, अशी करू? चर त्याच दिवशी बुजला होता. ट्रॅक्टर पुन्हा तुरीतून जात होते.

नंतरचा बॅनर पलीकडच्या एका गावातल्या मास्तरसाठी आला. त्यानं म्हणे नदीतल्या खड्ड्यांचे फोटो काढून वर पाठवले होते. पुन्हा वाढदिवस, पुन्हा शुभेच्छुक नाही. या वेळी काही घडावं लागलं नाही. मास्तरनं बॅनर पाहिला, बायकामुलांना सासुरवाडीला पोचवलं आणि स्वतः बदलीसाठी खेटे घालू लागला. आता सगळ्यांना कळलं होतं. त्या गोल अक्षरांत नाव आलं, की ते कोणाचं बोलणं आहे आणि काय बोलणं आहे, हे पोरासोरांनाही उमजायचं. बसमधून जाताना बायका खिडकीतून बाहेर बघायच्या, गुबगुबीत अक्षर दिसलं की आधी नाव वाचायच्या, आणि ते आपल्या माणसाचं नाही हे पाहून श्वास सोडायच्या. हे करुणानं स्वतः पाहिलं. पुढच्या बाकावरची म्हातारी, वाचता न येणारी, तिनं नातवाला हलवून विचारलं होतं, कोणाचं हाय रे?

त्या दिवशी घरी येऊन करुणानं जेवणाच्या ताटावर विषय काढला. आपण हे काम सोडू, असं ती म्हणाली. स्वप्निल घास घेता घेता थांबला.

“ट्रॅक्टर मी चालवला का? आपून छापतो. बोलणारे ते हायत.”

“बोलणारे ते. पण आवाज माझा हाय.”

स्वप्निलनं ताट सरकवलं. काम सोडलं तर उद्या आपल्याच दारात बॅनर लागेल, तेव्हा काय करशील, असं त्यानं विचारलं. तो चिडलेला नव्हता, भ्यालेला होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि करुणानं त्याला भरलं ताट असं सरकवताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं ताटं उचलली. पण त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. अक्षर एकट्याचं आहे म्हणून ते त्याचं तोंड झालंय. तेच सगळ्यांचं झालं तर?

स्वप्निल फ्लेक्सचे रोल आणायला नांदेडला गेला होता त्या सकाळी तिनं ते केलं. जिल्ह्यातल्या फ्लेक्सवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता; हट्ट्याचे, गोरेगावचे, सेनगावचे, कळमनुरीचे सगळे डिझायनर त्यात होते. तिनं पोटभर फॉन्ट त्यात टाकला आणि लिहिलं, की अक्षर माझं आहे, कोणीही घ्या, कशालाही वापरा, कोणाला विचारू नका. टाकल्यावर ती उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. समोर डेअरीवाला कॅन धूत होता. सगळं रोजच्यासारखंच होतं.

लोकांना ते अक्षर आवडत होतंच; भीती होती ती मालकांची. फुकट मिळाल्यावर मात्र ते पाण्यासारखं पसरलं. आणि आधी जे झालं ते करुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गोरेगावात एका निवृत्त पोस्टमनला नातवंडांनी हौसेनं साठीचा बॅनर केला, खाली तीस नावं घातली. म्हाताऱ्यानं अक्षर पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं. हट्ट्यात एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा बॅनर बापानंच विळ्यानं फाडला. त्या बाळाची आई कुठंतरी म्हणाल्याचं करुणाच्या कानावर आलं, की हे अक्षर जिनं काढलं तिचं वाटोळं होवो. करुणा दोन दिवस जेवली नाही. भीती एका माणसाच्या हातात होती, ती आपण घराघरात वाटली, असं तिला वाटू लागलं. पद्माबाई येऊन तिच्याजवळ बसली. ती एवढंच म्हणाली, की पोरी, दम धर, माणसाला कशाचीबी सवय होती.

तसंच झालं. चिकन सेंटरवर तेच अक्षर, टायर पंक्चरवर तेच, कोचिंग क्लासवर तेच, वधूवर मेळाव्यावर तेच. खताच्या दुकानावर, रसवंतीवर, बोअरवेलच्या गाडीवर तेच. पंचायतीनं ‘कचरा टाकू नये’ लिहिलं तेही तेच. महिन्या-दीड महिन्यात माणसं पुन्हा नुसतंच वाचू लागली. मालकांनी कोणाला तरी तिसरा बॅनर पाठवला म्हणे, तर त्या घरच्यांनी पोराचा वाढदिवस समजून केक आणला. ही गोष्ट बाळापुरात हळू आवाजात फिरली, आणि पहिल्यांदाच लोक हळू आवाजात हसले.

नंतर वैजनाथराव दुकानात आले. सकाळची वेळ, एकटेच, जीप लांब उभी केलेली. स्वप्निलनं खुर्ची पुसून दिली. त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश.

“वहिनी, अक्षर तुमचं. तुमी वाटलं. बराबर केलं,” ते म्हणाले. “चांगली चीज सगळ्याला मिळावी. मला एकदा इचारलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.”

“माझंच होतं, म्हणून न्हाई इचारलं,” करुणा म्हणाली.

स्वप्निलनं मालक मालक करत काहीतरी सारवासारव सुरू केली. वैजनाथरावांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. बशी खाली ठेवली, रुमालानं ओठ टिपले.

“तुमचा वाढदिवस कधी असतो, वहिनी?”

आतलं मशीन चालू होतं. त्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला. आमच्यात काही करत नाहीत मालक, असं स्वप्निल घाईनं म्हणाला. करुणानं मात्र तारीख सांगितली. खरी सांगितली. पुढच्याच महिन्यातली होती. मालकांनी मान डोलावली, हात जोडले आणि निघून गेले.

तो महिना कसा गेला ते त्या दोघांनाच ठाऊक. निवडणुकीची छपाई तुटली, पण त्याचं दुःख करायला कोणाला सवड होती? रस्त्यावर जड गाडीचा आवाज आला की स्वप्निल दुकानाच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहायचा, विजेच्या खांबांवर, झाडांवर. कुठं बॅनर नव्हता. पुण्याला जाऊ, तिथं चुलतभाऊ आहे, असं तो म्हणायचा. पण मशीनचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. पद्माबाईनं लेकीला आपल्याकडं राहायला बोलावलं. करुणा गेली नाही. आपण गेलो तर तो इथं एकटा, असं तिचं म्हणणं.

वाढदिवसाच्या दिवशी ऊन चांगलं कडक होतं. स्वप्निलनं शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावलं होतं आणि दोघं मागच्या दारानं आत येऊन एका लग्नाचं काम करत बसले होते. दुपारी बाहेर टिप्पर मागं घेतल्याचा पिकपिक आवाज आला. आवाज जवळ येत गेला, फारच जवळ. स्वप्निल उठला तोवर शटरच्या फटीतला उजेड गेला. आधी सरसर झालं, मग सगळं दुकान हादरलं, शटर आतल्या अंगाला फुगलं, आणि खालच्या फटीतून ओली वाळू पाण्याच्या लोंढ्यासारखी आत आली. काउंटरच्या पायापर्यंत आली आणि थांबली.

दोघं मागच्या दारानं बाहेर पडले आणि घराला वळसा घालून रस्त्यावर आले. दुकानाच्या तोंडाला टिप्परभर वाळू ओतलेली होती, शटरच्या वरपर्यंत. नदीतून नुकती काढलेली. तिच्यातून पाणी झिरपून डांबरावरून वाहत होतं आणि बारीक शिंपल्या उन्हात चमकत होत्या. ड्रायव्हर टिप्परच्या दारात एक पाय ठेवून उभा होता. तो हसतच बोलला.

“मालकानं भेट पाठवली, ताई. वाढदिवसाची. घर बांधा म्हणले.”

टिप्पर गेला. रस्त्यावर माणसं होती. रसवंतीवर होती, डेअरीपुढं होती, जीपची वाट पाहत उभी होती. सगळ्यांना एकाच वेळी मोबाईलमध्ये काहीतरी पाहायचं होतं.

स्वप्निल वाळूजवळ गेला. खाली वाकून त्यानं मूठ भरली, आणि ती गळून जाईपर्यंत तसाच उभा राहिला. करुणाला वाटलं, आता हा पुण्याचं बोलेल. तो बोलला ते वेगळंच.

“देविदासचं मॅटर जीपवाल्यानं आणलं, खरं हाय. पण त्याच्या आदल्या दिवशी मालकानं मला सोता सांगितलं होतं. अशी शुभेच्छा दे म्हणले, की चर आपोआप बुजंल.” त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. “मला ठाऊक होतं. देविदास दुकानात आला तवाबी ठाऊक होतं.”

करुणाला ऊन एकदम डोक्यात गेल्यासारखं झालं. दवाखान्यातलं ते स्टूल तिला आठवलं, टाळ्या वाजवणारी पोरगी आठवली, आणि या माणसाच्या शेजारी आपण इतके दिवस झोपतोय हेही आठवलं. तिला त्याला ढकलावंसं वाटलं, त्या वाळूत. पण तो रडत होता आणि ते लपवत नव्हता, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

“कोणाला सांगशील हे?” तिनं विचारलं.

“हिंगोलीला जाऊन सांगतो. पोलिसांच्या मोठ्या साहेबाला. लिहून देतो.”

करुणानं ढिगाऱ्याचा, शटरचा फोटो काढला. लक्ष्मीबाईला फोन करून, तिलाही हिंगोलीला यायला सांगितलं. चौकात कळमनुरीकडं निघालेली सवारीची जीप अर्धी मोकळी होती, पण तिचा ड्रायव्हर जागा नाही म्हणाला. ते मोटारसायकलवर निघाले. कळमनुरी ओलांडली तेव्हा करुणानं मागं पाहिलं तर एक रिकामा टिप्पर मागं होता. स्वप्निलनं वेग वाढवला, त्यानंही वाढवला. स्वप्निल रस्त्याच्या कडेला थांबला, तर तो लांबवर इंजिन चालू ठेवून थांबला. ना पुढं गेला, ना मागं राहिला. करुणानं नवऱ्याच्या कमरेला घट्ट धरलं होतं. हिंगोलीची वस्ती लागली तेव्हा टिप्पर एका पंपावर वळला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. स्वप्निलनं सांगितलं, लक्ष्मीबाईनं सांगितलं, करुणानं आपण मांडलेले दोन्ही बॅनर आणि ढिगाऱ्याचा फोटो मोबाईलवर दाखवले. जबाब लिहिले गेले, सह्या झाल्या. बोलावू तेव्हा यावं लागेल, आणि मालकांनाही बोलावणं जाईल, असं साहेबांनी सांगितलं. लक्ष्मीबाई निघताना स्वप्निलपाशी थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग पदर नीट करून ती स्टँडकडं गेली.

परतताना मागं कोणी नव्हतं. सगळा रस्ता मोकळा होता, आणि त्या मोकळ्या रस्त्यानंच करुणाचा जीव जास्त घाबरला.

दिवस मावळायच्या आधी ते बाळापुरात पोचले. स्वप्निलनं गाडी थांबवली आणि पाय टेकवून तसाच बसला. दुकानापुढं वाळूचा कण नव्हता. ढीग गेला होता, डांबर झाडून काढलं होतं, वर पाणीही मारलं होतं. शटर सरळ केलेलं दिसत होतं. करुणा रस्ता ओलांडून डेअरीवाल्याकडं गेली आणि वाळू कोणी नेली म्हणून विचारलं.

“कोणती वाळू?” तो म्हणाला. त्याच्या पाटीवर, त्याच्या डोक्यावरच, तिचीच गुबगुबीत अक्षरं होती. त्यानं कॅनचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. तिनं रसवंतीवर विचारलं. ते म्हणाले, आमी आताच दुकान उघडलं.

करुणा परत आली. तिनं कुलूप काढलं आणि शटरला हात घातला. ते अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. आत काउंटरच्या पायापर्यंत आलेली वाळू तशीच होती. दोन्ही बाजूंच्या खाचांतही ती गच्च बसली होती. तिनं बोटानं उकरली. ओली होती अजून. स्वप्निल गाडी लावून आला आणि काही न विचारता त्यानं दुसऱ्या टोकाला खांदा लावला. दोघांनी जोर केला. शटर खरखरत, किंचाळत वर गेलं. तो आवाज सगळ्या चौकाला ऐकू गेला असणार, पण वळून कोणी पाहिलं नाही.